नागदेवी ते नेव्ही नगर

गुरुवार

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरलो. सोबत माझी भाची स्नेहल. फिजिक्स घेऊन एम.एस्सी. झाली आहे आणि पुढं पीएच.डी. थिअरीत करायची की प्रयोगात, यावर आमच्या ताईच्या घरात कधीपासून खल चाललाय. स्नेहलच्या ओळखीचा सोलापूरकडचा एक मुलगा टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, संशोधन करतो. त्यानं आमच्या नावानं रीतसर परवानगी काढली. ताई म्हणाली, एकटी जाऊ नको, मामाला घेऊन जा. मामा म्हणजे मी; कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे. "ह्यांना तिथलं काय कळणार?" असं भावजी म्हणाले, पण त्यांचं बोलणं मी फार मनावर घेत नाही.

लालबागला मावसभावाकडं मुक्काम. वहिनींनी आंघोळीचं पाणी आणि पोहे दोन्ही तयार ठेवले होते. अकराच्या आत आम्ही नागदेवी स्ट्रीटला हजर. मुंबईला येऊन नागदेवीत न जाणारा वर्कशॉपवाला मी तरी पाहिलेला नाही. टॅप, डाय, ड्रिल, बेअरिंग, व्ही-बेल्ट, पुढं हातगाडी आणि मागं हातगाडी. मला ओ-रिंगा घ्यायच्या होत्या. काउंटरवरच्या म्हाताऱ्या शेठनं मान वर न करता विचारलं, "तेलाला लावायच्या की व्हॅक्यूमला?" तेलाला नायट्राइल चालतं, उष्णतेला आणि व्हॅक्यूमला व्हायटॉन लागतं, भावात बराच फरक. स्नेहल तोवर मोबाइलवर होती. व्हॅक्यूम हा शब्द कानावर पडल्यावर तिनं मान वर केली. "मामा, ॲक्सिलरेटरला पण हेच लागतं?" शेठ म्हणाले, "बेटा, व्हॅक्यूम सगळीकडे सारखाच. आत काही नको, बाहेरचं आत यायला नको."

दुपारी गेटवेला गेलो. ताजच्या जवळ जुन्या यॉट क्लबची इमारत आहे, आता तिथं अणुऊर्जा खात्याची कार्यालयं आहेत. बाहेरूनच बघायची. टीआयएफआर १९४५ मध्ये सुरू झालं ते बंगळुरात, त्याच वर्षाअखेर मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आलं, १९४९ मध्ये या यॉट क्लबात. कुलाब्याच्या टोकाला स्वतःची इमारत झाली ती पुढं. पायाभरणी १९५४ मध्ये नेहरूंच्या हस्ते आणि उद्घाटनही १९६२ च्या जानेवारीत त्यांच्याच हस्ते. मधल्या वर्षांत कॉस्मिक किरणांचे, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांचे, प्रयोग या समुद्राकडच्या क्लबातून चालले. फोटोच्या जाड इमल्शनच्या प्लेटा फुग्याला बांधून आभाळात सोडायच्या, खाली आल्या की डेव्हलप करायच्या आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं. कण गेला असेल तिथं काळ्या ठिपक्यांची रेघ.

भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी १९४९ मध्ये इथं रुजू झाल्या. त्याआधी दार्जिलिंगच्या डोंगरात देवेंद्रमोहन बोसांबरोबर त्यांनी अशाच प्लेटांवर मेसॉन या अल्पायुषी कणांचे माग पकडले होते. युद्धाच्या काळात चांगल्या प्रतीच्या प्लेटा मिळेनात आणि मोजमाप पक्कं करायचं राहून गेलं. त्याच रीतीनं, पण सुधारलेल्या प्लेटा वापरून इंग्लंडात सेसिल पॉवेल यांनी पाय-मेसॉन शोधला, १९५० चं नोबेल त्यांना मिळालं. हे सांगताना स्नेहलचा आवाज इतका चढला की शेजारचा फोटोवाला वळून बघायला लागला. मला मात्र तो प्लेटांचा भाग पटला. माल हलका आला की हात कितीही तयार असो, जॉब बसत नाही.

शुक्रवार

नेव्ही नगरची बेस्ट पकडली. कुलाबा कॉजवे संपला की मुंबई एकदम शांत होते. अफगाण चर्चचा उंच मनोरा मागं टाकला की लष्कराची वसाहत, झाडी, आणि टोकाला टीआयएफआर. गेटवर आधारकार्ड, पास, बॅग तपासणी. सोलापूरकर घ्यायला आला होता. पायात चपला, खिशात स्क्रू-ड्रायव्हर. पोरगा मला तिथंच आवडला.

आत शिरल्यावर पहिल्यांदा दिसतं ते चित्रकार हुसेन यांचं भलंमोठं भित्तिचित्र. संस्थापक होमी भाभांना चित्रांचा शौक होता, स्वतः काढायचेही, आणि संस्थेसाठी त्यांनी चित्रं जमवली. लोक या चित्रांवर भरभरून लिहितात, म्हणून मी पुढं जातो.

भाभा स्वतः थिअरीवाले. इलेक्ट्रॉन आणि त्याचा धनभारित जोडीदार पॉझिट्रॉन एकमेकांवर आपटून कसे विखुरतात त्याचं गणित त्यांच्या नावानं ओळखलं जातं, आणि कॉस्मिक किरणांचा वर्षाव हवेत कसा वाढत जातो हे त्यांनी १९३७ मध्ये हाइटलर यांच्याबरोबर मांडलं. असा माणूस मुंबईत येऊन वर्कशॉप, काचकाम आणि इलेक्ट्रॉनिक्सची दालनं उभी करत बसला. स्नेहलला मी एवढंच म्हटलं, बघ. ती म्हणाली, "मामा, तुम्ही आल्यापासून एकाच बाजूनं बोलताय." बरोबर आहे. मी निःपक्षपाती आहे असं कुठं म्हणालो?

मग पेलेट्रॉन. तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र (बीएआरसी) आणि टीआयएफआर यांचा हा सामाईक प्रवेगक, म्हणजे भारित कणांना वेग देणारा ॲक्सिलरेटर, १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून चालू. मला वाटलं होतं लांबलचक बोगदा असेल. तर हा उभा! कित्येक मजले उंचीची एक पोलादी टाकी आणि तिच्या भोवतीनं इमारत. टाकीच्या मधोमध टर्मिनल, त्यावर १४० लाख व्होल्टपर्यंत दाब चढवता येतो. हा दाब येतो कुठून, तर एका साखळीतून. धातूचे छोटे दंडगोल नायलॉनच्या कड्यांनी जोडलेत आणि ती माळ मोटरवर गरगर फिरत राहते. प्रत्येक दंडगोल खाली भार घेतो, वर नेऊन टाकतो. ठिणगी उडू नये म्हणून सगळी टाकी सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूनं दाबाखाली भरलेली. साखळीचा एक सुटा तुकडा टेबलावर ठेवला होता. मी हातात घेतला. दंडगोलाच्या कडा इतक्या गुळगुळीत गोलावलेल्या की नख कुठं अडकत नाही. टोकदार कड राहिली तर तिथूनच भार गळणार, हे सोलापूरकरानं सांगायच्या आधी बोटाला कळलं.

युक्ती पुढं आहे. आयन, म्हणजे भारित अणू, वरून सोडतात ते ऋणभारित. टर्मिनल धन, त्यामुळं ते खाली ओढले जातात. टर्मिनलच्या आत कार्बनचा एक पापुद्रा लावलेला असतो, इतका पातळ की उजेडाला धरला तर पलीकडचं दिसावं. त्यातून जाताना आयनाचे इलेक्ट्रॉन सोलून निघतात आणि तो धनभारित होतो. आता तेच टर्मिनल त्याला ढकलून देतं. एकाच दाबाचा दोनदा फायदा. कार्बनच्या अणूचे सहाही इलेक्ट्रॉन गेले तर १४ गुणिले एक अधिक सहा, म्हणजे ९८ मेगा इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा. हिशेब मी जागेवरच करून बघितला. मग खाली एक मोठं चुंबक झोताला काटकोनात वळवतं. हव्या त्या ऊर्जेचे आयनच त्या वळणातून पार होतात, बाकीचे भिंतीला.

दोन प्रयोगांच्या मधली वेळ होती, बीम म्हणजे आयनांचा झोत बंद, म्हणून हॉलमध्ये जायला मिळालं. बीमच्या नळ्या, पंप, व्हॉल्व्ह, ॲल्युमिनियमचे फॉइल गुंडाळलेले सांधे. एका कोपऱ्यात दोघंजण लीक शोधत होते. आमच्याकडं कॉम्प्रेसरचा लीक शोधायचा म्हणजे साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडा बघायचा. इथं उलटा कारभार. नळीतली हवा आधी पंपानं खेचलेली, त्यामुळं बुडबुडा कुठून येणार? ते बारीक नळीनं सांध्याभोवती हेलियम फवारतात. हेलियमचा अणू चिमुकला, फट सापडली की आत घुसतो, आणि पलीकडचं यंत्र तेवढाच वायू ओळखून काटा हलवतं. दोघांपैकी मोठा होता तो एकेका बोल्टपाशी नळी धरायचा, थांबायचा, काट्याकडं बघायचा, मान हलवायचा. पुढचा बोल्ट. मी बराच वेळ तिथंच उभा राहिलो. शेवटी त्यानं फ्लँज उघडलीच. आत तांब्याची चकती. स्टीलच्या फ्लँजला सुरीसारखी धार काढलेली असते, बोल्ट आवळले की ती धार तांब्यात रुतते आणि सांधा बंद होतो. चकती एकदाच वापरायची. त्यानं धारेवरून बोट फिरवलं नाही, बॅटरी तिरपी धरली आणि बघितलं. एका ठिकाणी केसाएवढा ओरखडा. "कुणीतरी स्पॅनर टेकवला असणार," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "कुठल्या ग्रुपचे तुम्ही?" उद्यमनगर, असं सांगावं लागलं.

पेलेट्रॉनच्या पुढं अतिवाहक लिनॅक आहे, म्हणजे आयनांना आणखी वेग देणारा सरळ रेषेतला प्रवेगक, २००७ पासून पूर्ण चालू. तांब्याच्या पोकळ्या, आणि आतून शिशाचं प्लेटिंग, जाडी काही मायक्रॉन. शिसं ७.२ केल्विनच्या खाली अतिवाहक होतं, म्हणजे त्यातून वीज विनाअडथळा वाहते, म्हणून सगळ्या पोकळ्या द्रवरूप हेलियमच्या थंडाव्यात, उणे २६९ अंशांच्या आसपास. अशा २८ पोकळ्या आणि त्या इथंच घडवलेल्या. प्लेटिंगमध्ये एक डाग राहिला की तिथं उष्णता तयार होते आणि पोकळी निकामी होते. प्लेटिंगवाल्यांशी भांडण्यात माझी निम्मी हयात गेली आहे, त्यामुळं या माणसांबद्दल मला जो आदर वाटला तो नोबेलवाल्यांबद्दलही वाटत नाही.

हे सगळं कशासाठी? दोन अणुकेंद्रं एकमेकांवर आपटवायची, तयार झालेलं केंद्रक गरगरत असतं, ते थंडावताना गॅमा किरण सोडतं, आणि त्या किरणांच्या ऊर्जेवरून आतली रचना ताडायची. त्यासाठी जर्मेनियमचे क्लोव्हर डिटेक्टर, द्रव नायट्रोजननं उणे १९६ अंशांना ठेवलेले. देशातले असे डिटेक्टर एकत्र करून दिल्ली, कोलकाता आणि मुंबई या तीन प्रवेगकांवर आळीपाळीनं नेतात. कुणा एकाला सगळे विकत घेणं परवडत नाही. आमच्या उद्यमनगरात एक सीएनसी तिघांत घ्या म्हटलं तर कोर्टात जातील.

जेवण वेस्ट कॅन्टीनला. काचेपलीकडं समुद्र, ताटात राजमा-भात. पलीकडच्या टेबलावर दोन प्राध्यापक एका समीकरणावरून इतके हमरीतुमरीवर आले होते की दह्याची वाटी उलटली. "थिअरी," सोलापूरकर म्हणाला.

दुपारी न्यूट्रिनोवाल्यांच्या खोलीत गेलो. न्यूट्रिनो म्हणजे भार नसलेला, सगळ्यांतून आरपार जाणारा चिमुकला कण. इथं माझा खरा जीव रमला. रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर हे कण टिपणारं उपकरण म्हणजे साध्या खिडकीच्या जातीच्या काचेचे दोन तक्ते, तीन मिलिमीटर जाडीचे, मध्ये दोन मिलिमीटरची फट. ती फट सगळीकडं एकसारखी राहावी म्हणून आत प्लॅस्टिकच्या बटणांच्या रांगा चिकटवलेल्या, चारी कडा सील, कोपऱ्यात वायू आत-बाहेर जायला तोट्या. बाहेरून ग्रॅफाइटचा काळा रंग आणि त्याला सुमारे १० हजार व्होल्ट. फटीतून वायू सारखा वाहत असतो, मुख्यतः फ्रिजमध्ये आणि गाडीच्या एसीत भरतात तो आर-१३४ए. भारित कण आरपार गेला की त्या जागी बारीकशी ठिणगी पेटते आणि तिथंच विझते, कारण काचेतून वीज सावकाश पोचते. वर-खाली तांब्याच्या आडव्या-उभ्या पट्ट्या, त्यावरून कण नेमका कुठून गेला ते कळतं. कधी गेला तेही, सेकंदाच्या अब्जाव्या हिश्शापर्यंत.

असे थर एकावर एक रचलेले होते आणि स्क्रीनवर तिरप्या रेघा उमटत होत्या. म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे जड भाऊ. वातावरणाच्या माथ्यावर कॉस्मिक किरण आदळतात, त्यातून तयार होतात आणि छत, स्लॅब, आपण, सगळ्यांतून जातात. तळहात आडवा धरला तर सेकंदाला एखादा. म्युऑनचं सरासरी आयुष्य एका सेकंदाच्या दहा लाखाव्या हिश्शाच्या जेमतेम सव्वादोनपट; एवढ्यात तो सहाशे-सातशे मीटरच जायला हवा, तरी वरून काही किलोमीटर खाली येऊन पोचतो, कारण वेगामुळं त्याचं घड्याळ आपल्या हिशेबानं मंदावतं. आइन्स्टाइनचं पुस्तकातलं वाक्य मी नेव्ही नगरात स्क्रीनवर बघितलं. स्नेहल त्या रेघा मोजत बसली. तिरप्या कमी, उभ्या जास्त, असं तिनं स्वतःच काढलं आणि कोनाच्या कोसाइनच्या वर्गाशी जुळवायला लागली.

न्यूट्रिनोची गोष्ट जुनी आहे. १९५१ मध्ये भाभांनी संस्थेतले संशोधक श्रीकांतन यांना कोलारच्या सोन्याच्या खाणीत धाडलं, खोलावर किती म्युऑन पोचतात ते मोजायला. उतरत गेलं तसे ते कमी होत गेले, आणि पुढं एवढ्या खोलीवर गेले की म्युऑन जवळपास नाहीसेच. म्हणजे इथं काही दिसलं तर ते न्यूट्रिनोचं असणार. १९६५ मध्ये टीआयएफआर, जपानचं ओसाका आणि इंग्लंडचं डरहॅम यांच्या चमूनं २.३ किलोमीटर खोल वातावरणातल्या न्यूट्रिनोची नोंद केली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या खाणीतही झाली. पुढं त्याच कोलारमध्ये प्रोटॉन कधी विघटन पावतो का हे बघायला चौकोनी लोखंडी पाइप थरांवर थर रचून १४० टनांचा डिटेक्टर उभारला. दहा बाय दहा सेंटिमीटरचा पाइप, आत मधोमध तार, वायू भरून बंद. याच जातीच्या सहा मीटर लांब पाइपांचा म्युऑन टेलिस्कोप उटीला आहे, ग्रेप्स-३ नावाचा, ३,७१२ पाइप. १ डिसेंबर २०१४ ला डोक्यावरून वादळी ढग गेला तेव्हा म्युऑनची संख्या घटली, आणि त्या घटीवरून ढगात १३० कोटी व्होल्ट असल्याचा हिशेब निघाला. चौकोनी पाइप! आम्ही त्याची गेटं करतो.

काचेच्या चेंबरांचं मोठं घर मात्र अजून झालेलं नाही. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात डोंगराच्या पोटात ५० हजार टनांचं चुंबकित लोखंड आणि मधल्या फटींत असे हजारो चेंबर, असा तो आराखडा. केंद्रानं २०१५ च्या जानेवारीत मान्यता दिली, मग स्थानिक विरोध, परवानग्या, कोर्ट. त्याची ८५ टनांची छोटी आवृत्ती मदुराईत चालते. माझं मत विचाराल तर न्यूट्रिनोनं कुणाला काही होत नाही, तो पृथ्वीतूनही सहज निघून जातो. पण डोंगरात सुरुंग लावायचा म्हटल्यावर गावानं प्रश्न विचारले तर त्यात अडाणीपणा काय? उत्तरं आधी आणि त्यांच्या भाषेत द्यायला हवी होती. स्नेहलचं मत याहून कडक आहे, इथं लिहीत नाही.

निघताना वर्कशॉप बघितलं. सीएमएस या जिनिव्हाच्या डिटेक्टरच्या हॅड्रॉन कॅलरिमीटरचा, म्हणजे कणांची ऊर्जा मोजणाऱ्या भागाचा, बाहेरचा थर बनवण्यात टीआयएफआरचा मोठा वाटा; हिग्ज बोसॉन २०१२ मध्ये सापडला तो जाहीर करणाऱ्या दोन प्रयोगांतला हा एक. सिंटिलेटरच्या, म्हणजे कण गेला की चमकणाऱ्या, प्लॅस्टिकच्या फरशीत नागमोडी खाच पाडायची आणि तिच्यात प्रकाश वाहून नेणारा तंतू बसवायचा, असं ते काम. एका टर्नरशी चहा झाला. शास्त्रज्ञ ड्रॉइंग आणतात त्यावर टॉलरन्स सगळीकडं दहा मायक्रॉन लिहिलेला असतो, मग विचारावं लागतं, "साहेब, खरंच कुठं पाहिजे?" म्हणजे गिऱ्हाईक सगळीकडं एकच.

शनिवार

घारापुरीची लाँच. लेणी बघितली, त्रिमूर्तीपुढं बसलो, माकडांनी वहिनींच्या पिशवीतली काकडी नेली. पण मला पाण्यावरून दिसणारं तुर्भे बघायचं होतं. डाव्या हाताला टेकडी आणि पायथ्याशी अणुभट्ट्यांच्या इमारती. तिथली अप्सरा ४ ऑगस्ट १९५६ ला चालू झाली, पाण्याच्या हौदात बुडवलेली भट्टी. २००९ मध्ये थांबवली आणि नवी अप्सरा २०१८ च्या सप्टेंबरात. सायरस १९६० ते २०१०. ध्रुव १९८५ पासून, १०० मेगावॉटची.

ध्रुवजवळ एक प्रयोग आहे, इस्मरान. सिंटिलेटर प्लॅस्टिकच्या लांब पट्ट्या, भोवती गॅडोलिनियमचा लेप दिलेलं वेष्टण, अशा ९० पट्ट्यांची चळत. भट्टीत युरेनियम फुटतं तेव्हा प्रतिन्यूट्रिनो, म्हणजे न्यूट्रिनोचे प्रतिकण, बाहेर पडतात. ना काँक्रीट त्यांना अडवतं, ना शिसं. एखादा पट्टीतल्या प्रोटॉनवर आदळला तर पॉझिट्रॉन आणि न्यूट्रॉन निघतात. पॉझिट्रॉनची चमक लगेच, न्यूट्रॉन गॅडोलिनियमनं गिळल्याची चमक थोड्या मायक्रोसेकंदांनी. या दोन चमकांची जोडी म्हणजे खूण. भट्टी चालू आहे की बंद, हे बाहेर उभं राहून, कुणाला न विचारता कळू शकतं. लाँचमध्ये हे सांगत होती स्नेहल, मावसभाऊ म्हणाला, "म्हणजे लपवाछपवी बंद." तो महापालिकेत नोकरीला आहे, त्याला या गोष्टीचं विशेष वाटलं.

परतीच्या लाँचमध्ये तिनं वहीत थिअरी आणि प्रयोग असे दोन रकाने पाडले. मी डोकावलो नाही.

रविवार

सकाळी माटुंग्याला रुपारेल कॉलेजात 'चाय अँड व्हाय'ला गेलो. टीआयएफआरची माणसं रविवारी येऊन सोप्या भाषेत बोलतात, कधी इथं तर कधी जुहूला पृथ्वी थिएटरला, आणि कुणीही काहीही विचारावं. चौथीतला एक मुलगा हात खाली घेतच नव्हता. दुपारी वहिनींच्या हातचं सुरमईचं कालवण, आणि संध्याकाळी गाडी.

जाणार असाल तर: टीआयएफआरमध्ये असंच चालत शिरता येत नाही. ओळख असेल तर आधी परवानगी काढा, नाहीतर फेब्रुवारीत राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास संस्था लोकांना खुली करतात त्याची चौकशी ठेवा. मूळ ओळखपत्र सोबत हवंच. बीम चालू असेल तर हॉल बंद, हुज्जत घालू नका, तिथं किरणोत्सर्ग असतो. घारापुरी सोमवारी बंद. लाँचमध्ये जाताना डावीकडं बसा. आणि नागदेवीत ओ-रिंग घेताना कशासाठी ते आधी सांगा, म्हणजे शेठ दोनदा विचारत नाहीत.